रिकामी खुर्ची

व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात ठरल्या दिवशी रुग्ण आला नाही, की आपण चटकन म्हणतो, ‘त्याला सुधारायचेच नाही.’ हा निवाडा घाईचा आहे, असे आम्हांस वाटते.

जैनथसारख्या गावातील एखाद्या माजी सैनिकाचा विचार करा. आदिलाबाद सुमारे २० किलोमीटरांवर. कापूस वेचणीचे दिवस. लष्करी कँटीनची स्वस्त रम निवृत्तीनंतरही मिळतेच. ज्याने देशाची राखण केली, त्याला ‘दारू सुटत नाही’ हे कबूल करण्याची लाज वाटते. आदल्या रात्री पुन्हा प्याला असेल, तर डॉक्टरांपुढे कोणत्या तोंडाने जाणार? ज्या दिवशी उपचाराची गरज सर्वांत अधिक, नेमका त्याच दिवशी तो गैरहजर राहतो.

ही अडचण सर्वत्र आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी जुन्या नोंदींवरून गैरहजेरीचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न केले आहेत. अशा अंदाजांचे मर्म साधे आहे : ज्याच्या भेटी पूर्वी चुकल्या, त्याची पुढचीही चुकण्याचा संभव अधिक, आणि तारीख जितकी लांबची, तितका हा संभव वाढतो. परंतु अंदाज कशासाठी बांधावयाचा? त्याची जागा दुसऱ्यास देण्यासाठी, की आदल्या सायंकाळी त्याच्या दारी जाण्यासाठी?

वाचकहो, आपल्या ओळखीत असा कोणी असेल, तर त्याची तारीख आपणच लक्षात ठेवावी आणि म्हणावे, “उद्या मीही बरोबर येतो.” १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीविषयी विनामूल्य सल्ला मिळतो, हेही सांगावे. प्रभूच्या दाखल्यातील मेंढपाळ हरवलेल्या मेंढराला दोष देत बसला नाही. तो शोधावयास निघाला.