आधी तुमचा नफा, मग माझा वाटा

म्युच्युअल फंडाचं चकचकीत माहितीपत्रक हाती आलं की मी एकच गोष्ट शोधतो. माझे पैसे बुडाले तर फंड चालवणाऱ्याचं काय बुडतं? उत्तर बहुधा सापडत नाही. फंडाचा खर्च रोजच्या रोज एनएव्हीतून वजा होत असतो, बाजार चढो वा पडो. यात बेकायदा काही नाही, सेबीनं त्या खर्चाला मर्यादाही घालून दिली आहे. तरीही वर्षअखेर आपली रक्कम घटलेली आणि त्यांचं शुल्क मात्र वसूल झालेलं, हे काही घशाखाली उतरत नाही. अशा वेळी मला न्यूयॉर्कचा वॉल्टर श्लॉस आठवतो.

श्लॉसचा जन्म १९१६चा. तेरा वर्षांचा असताना बाजार कोसळला आणि आईला वारशानं मिळालेला पैसा त्यात गेला. पुढची महामंदी त्यानं ऐन पोरवयात पाहिली. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. अठराव्या वर्षी, १९३४ साली, वॉल स्ट्रीटवरच्या कार्ल लोब यांच्या पेढीत तो ‘रनर’ म्हणून लागला. शेअरची प्रमाणपत्रं आणि धनादेश एका दलालाकडून दुसऱ्याकडे पायी पोहोचवायचे, हे काम. काही दिवसांनी त्यानं कंपन्यांचा अभ्यास करणाऱ्या विभागात बदली मागितली. ती मिळाली नाही. वरिष्ठानं एवढंच सांगितलं की बेंजामिन ग्रॅहॅम नावाच्या माणसानं एक नवं पुस्तक लिहिलंय, ते वाच.

त्यानं ते वाचलं आणि ग्रॅहॅमच्या संध्याकाळच्या वर्गातही नाव घातलं. ग्रॅहॅम उदाहरणं देई ती त्याच दिवसांतल्या बाजारातली, त्यामुळे वर्गातले काही धूर्त लोक दुसऱ्या दिवशी तेच शेअर घेऊन पैसे करत. गोल्डमन सॅक्सचा पुढे प्रमुख झालेला गस लेव्ही त्यातलाच. श्लॉसनं मात्र तिथून उचलली ती रीत: कंपनीकडे आहे काय, देणं किती, आणि बाजार ती किती स्वस्तात विकतोय. महायुद्धात चार वर्षं सैन्यात काढून श्लॉस परतल्यावर ग्रॅहॅमनं त्याला आपल्याकडे नोकरी दिली. तिथेच पुढे वॉरन बफे नावाचा एक तरुण आला आणि दोघं एकाच खोलीत बसू लागले.

ग्रॅहॅम धंदा आवरायच्या बेतात होता. १९५५ साली श्लॉस बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचा फंड काढला. भागीदार एकोणीस, भांडवल सगळ्यांचं मिळून एक लाख डॉलर. म्हणजे माणशी पाचेक हजार, त्या काळी अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची साधारण वर्षाची कमाई. गल्लीतली भिशी जशी चालवणाऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहून चालते, तसाच हा कारभार. जागा ट्वीडी ब्राउन या दलाल पेढीतला एक कोपरा. सेक्रेटरी नाही, कारकून नाही, हिशेबनीस नाही. सुरुवातीला फायलींचं एक कपाट होतं, सत्तेचाळीस वर्षांत ती चार झाली.

शुल्काची तऱ्हा अशी. दरवर्षी ठरावीक टक्का वगैरे काही नाही. नफा झाला तर त्यातला चौथा हिस्सा श्लॉसचा. तोटा झाला तर त्याला काही नाही, आणि पुढच्या वर्षी कमाई झाली तरी आधी मागची तूट भरून निघायची, मगच त्याचा वाटा सुरू. शंभराचे ऐंशी झाले असतील तर पुन्हा शंभर होईपर्यंत हा माणूस फुकट राबणार. आईचा पैसा बाजारात गेलेला पाहिलेल्या मुलाला दुसऱ्याच्या पैशाची धास्ती वाटणं साहजिक आहे. श्लॉसनं ती धास्ती करारातच लिहून टाकली. मूल्यं भिंतीवर टांगणाऱ्या कंपन्या पुष्कळ असतात. इथे ती थेट त्याच्या खिशाला जोडलेली होती.

त्याला संत करायचं मात्र कारण नाही. पंचवीस टक्के म्हणजे थोडाथोडका वाटा नव्हे. बफेनं १९८४ साली एका लेखात श्लॉसच्या सव्वाअठ्ठावीस वर्षांचा हिशेब मांडला. फंडाची कमाई दरसाल २१.३ टक्के, भागीदारांच्या हाती पडले १६.१ टक्के. मधला फरक श्लॉसचा. पण त्याच काळात एस अँड पी निर्देशांकानं दिले ८.४ टक्के. शंभर डॉलर ठेवणाऱ्याचे निर्देशांकात हजाराच्या आत राहिले, श्लॉसकडे जवळजवळ ६,८०० झाले. एवढं हाती आल्यावर चौथ्या हिश्शाबद्दल कुरकुर कोण करेल?

आपल्याकडे पीएमएसमध्ये, म्हणजे पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सेवेत, नफ्यावर शुल्क घेण्याची अशी सोय आहे, मागची तूट आधी भरण्याच्या अटीसह. पण तिथे शिरायलाच किमान ५० लाख रुपये लागतात. श्लॉसचे ते पहिले एकोणीस जण तिथे दारातूनच परतले असते.

कामाची रीत तर कंटाळवाणीच म्हणायची. सकाळी साडेनऊला यायचं, दुपारी साडेचारला घरी. कॉम्प्युटर नाही. ताळेबंद वाचायचे, पुस्तकी किमतीच्या आसपास किंवा त्याहून खाली मिळणारे, कर्ज कमी असलेले शेअर शोधायचे, आणि एका वेळी शंभरेक कंपन्या बाळगायच्या. त्यातली एखादी गाळात गेली तरी झोप उडू नये. कंपनीच्या साहेबांना भेटायला तो जात नसे. माणूस आणि धंदा पारखणं बफेला जमतं, मला नाही, असं तो मोकळेपणानं सांगे. ग्रॅहॅमकडे असताना त्यानं हॅलॉइड नावाची कंपनी सुचवली होती, पुरेशी स्वस्त नाही म्हणून ती घेतली गेली नाही. तीच पुढे झेरॉक्स झाली. तरीही श्लॉसनं रीत बदलली नाही. बफे चांगल्या धंद्याला चांगली किंमत द्यायला शिकला, अब्जाधीश झाला. हा आपल्या कोपऱ्यात स्वस्त शेअर चाळत राहिला.

त्याची एक सवय मला पटत नाही. आपण कोणते शेअर घेतलेत ते तो भागीदारांना सांगत नसे. पडकी, बदनाम नावं ऐकून लोक घाबरतील आणि फोन करत बसतील, ही त्याची अडचण. अडचण खरी आहे. पण ज्याचे पैसे, त्याला ते कुठे आहेत हे कळायलाच हवं. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांना आता दर महिन्याला यादी जाहीर करावी लागते, ते बरंच आहे. श्लॉसच्या बाबतीत विश्वास सत्पात्री पडला. सगळीकडे तो तसाच पडतो असं नाही, हे चिटफंडात हात पोळलेल्यांना विचारावं.

१९७३ साली मुलगा एडविन बापाच्या हाताखाली आला, तो कलाशाळेत शिकलेला. १९८९ साली एका मुलाखतीत त्याला विचारलं, तुमची पद्धत थोडक्यात काय? शेअर स्वस्तात घ्यायचा प्रयत्न करतो, म्हणाला. विषय संपला.

बाजार महाग झाला की आपल्याकडे नव्या योजनांच्या जाहिरातींना ऊत येतो. काही स्मॉल कॅप फंडांनी मधूनमधून एकरकमी पैसे घेणं थांबवलं, तो अपवाद. श्लॉस बापलेकांच्या फंडाचा शेवट मात्र असा झाला, की एक दिवस एडविननं सांगितलं, आता स्वस्त म्हणावं असं काही सापडत नाही. मग दोघांनी लोकांचे पैसे लोकांना परत करून टाकले. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यानंतरही ते स्वतःच्या पैशांसाठी ताळेबंद चाळत राहिले. २०१२ साली, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.