काळाच्या नावावरचा फैसला

पाश्चात्य वाद्यवृंदसंगीताच्या रसिकांत एक मत इतके दृढमूल झाले आहे की, त्यास काही प्रमाण द्यावे लागेल असेही कोणास वाटत नाही. काळ हा निष्पक्ष परीक्षक असून सत्त्वयुक्त होते ते त्याने राखले आणि निःसत्त्व होते ते टाकून दिले; सबब बीथोव्हेनच्या सिंफनी आज वाजतात त्या त्यांच्या गुणांमुळे आणि इतर अनेकांच्या वाजत नाहीत त्या त्यांच्या दोषांमुळे, असे ते मत आहे. कलेत श्रेष्ठकनिष्ठभाव असतोच, हा या मंडळींचा मूळ आग्रह मला सर्वथा मान्य आहे. परंतु त्यातून विस्मृत रचना या विस्मरणासच योग्य होत्या असा जो निष्कर्ष ते काढतात, तो मात्र इतिहासाच्या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही.

प्रथम सिंफनीचे स्वरूपच पाहावे. कवीची पोथी शंभर वर्षे बाडात पडून राहिली तरी जाणता वाचक ती एकटा उलगडून वाचू शकतो. सिंफनी मात्र साठ-सत्तर वादक, प्रत्येकाच्या हाती निर्दोष उतरवलेली स्वरलिपी, तालमीसाठी पैसा आणि संचालकाची इच्छा एवढे सारे एकत्र आल्यावाचून अस्तित्वातच येत नाही. लुईझ फारेंक हिने पॅरिसच्या कॉन्झर्वातोआरमध्ये 1842 पासून 1873 पर्यंत पियानोचे अध्यापन केले आणि तीन सिंफनी लिहिल्या. तिच्या हयातीत त्यांतील एकही छापली गेली नाही. जी कृती छापलीच गेली नाही, ती पुढील पिढ्यांनी ऐकून नाकारली असे कसे म्हणावे? ज्या खटल्याची सुनावणीच झाली नाही, त्याचा फैसला काळाच्या नावावर मांडणे हा अन्याय आहे.

यावर पूर्वपक्षाचा ठरलेला दाखला शूबर्टचा असतो : त्याची सी मेजरमधील मोठी सिंफनी त्याच्या मृत्यूनंतरही उजेडात आलीच ना? आली खरी, पण ती शूमानने व्हिएन्नात शूबर्टच्या भावाच्या घरी जाऊन हस्तलिखिते चाळली आणि मेंडेल्सोनने 1839 मध्ये लाइपझिगच्या गेवांटहाउसमध्ये ती वाजवली म्हणून आली. त्या दोन माणसांच्या श्रमाचे श्रेय काळास देणे ही कृतघ्नता होय. शिवाय ज्यांच्या भावाच्या घरी कोणी शूमान गेला नाही, त्यांची गणती या युक्तिवादात होतच नाही. हान्स रॉट हा व्हिएन्नात मालरचा सहाध्यायी आणि ब्रुकनरचा शिष्य. विशीत लिहिलेल्या त्याच्या ई मेजर सिंफनीतील वेगवान तिसरा भाग ऐकताना मालरच्या पुढील रचनांचे बीज कानी पडते. ब्राम्सने त्याची निर्भर्त्सना केली, त्याचे मन ढळले आणि 1884 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो पंचविसाव्या वर्षी वारला. ती सिंफनी सर्वप्रथम वाजली 1989 मध्ये, तीही अमेरिकेतील सिनसिनाटी येथे. त्या शंभर वर्षांत काळाने कोणती परीक्षा घेतली?

आणि ज्या मेंडेल्सोनने शूबर्टला न्याय दिला, त्याचा गेवांटहाउससमोरील पुतळा 1936 मध्ये नात्सींनी पाडला आणि त्याचे संगीत जर्मनीत बंद केले. 1938 मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे ‘भ्रष्ट संगीता’चे प्रदर्शन भरवून ज्यू व नवमतवादी रचनाकारांची जाहीर विटंबना करण्यात आली. अशाच रचनाकारांपैकी एर्विन शुलहॉफ 1942 मध्ये व्युल्त्सबुर्गच्या बंदिवासात क्षयाने मेला. बेर्टोल्ड गोल्डश्मिट इंग्लंडला निसटला आणि कित्येक दशके अज्ञातवासात राहिला. हे विस्मरण सरकारी हुकमाने घडवलेले होते. हुकूम करणारे गेले, पण त्याचा अंमल कार्यक्रमपत्रिकांवरून सहजी उठला नाही, कारण पुढच्या संचालकाने मागच्याचीच यादी पुढे चालवली.

हुकूम नसतानाही तीच गत होते, याची साक्ष फ्लॉरेन्स प्राइसची आहे. 1887 मध्ये लिटल रॉक येथे जन्मलेल्या या कृष्णवर्णीय स्त्रीची ई मायनरमधील पहिली सिंफनी 15 जून 1933 रोजी फ्रेडरिक स्टॉकच्या संचालनाखाली शिकागो सिंफनी वाद्यवृंदाने वाजवली. तिच्या दुसऱ्या भागात पितळी वाद्यांतून प्रार्थनागीताची धीरगंभीर धून चढत जाते, आणि तिसऱ्यात गुलामगिरीतल्या मळ्यांवरील ‘जुबा’ नृत्याचा ठेका सिंफनीच्या भारदस्त बैठकीत असा काही खेळतो की, तेथे कोणाची परवानगी मागितल्याचा लवलेशही जाणवत नाही. पुढे 1943 मध्ये तिने बॉस्टनच्या वाद्यवृंदाचा संचालक कुसेवित्स्की यास पत्र लिहून, आपण स्त्री आहोत आणि आपल्या अंगी निग्रो रक्त आहे या दोन अडचणी स्वतःच नमूद केल्या, आणि केवळ गुणांवर परीक्षा व्हावी अशी विनंती केली. ती परीक्षा झाली नाही. 1953 मध्ये ती वारली. 2009 मध्ये शिकागोच्या दक्षिणेस सेंट ॲन येथील एका मोडकळीस आलेल्या घरात तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले, त्यांत दोन व्हायोलिन कन्चेर्टो आणि चौथी सिंफनी होती. छप्पर आणखी काही पावसाळे गळत राहिले असते, तर ‘काळाने टाकून दिलेल्यां’त याही कृती बिनतक्रार जमा झाल्या असत्या.

मात्र याच बाजूने बोलणारे काही जण विस्मृत ते सर्व उत्कृष्ट असे म्हणू लागतात, किंवा या रचना दयाबुद्धीने, वर्षातून एका विशेष दिवशी वाजवून मोकळे होतात. त्यांच्याशीही माझी तकरार आहे. प्राइसने दया मागितली नव्हती. इतिहास आपणास एवढेच सांगू शकतो की अमुक कृती मुकी का राहिली. ती चांगली की सामान्य हे कानांनीच ठरवायचे आहे, आणि कानांना त्यासाठी एकदा ऐकणे पुरत नाही. शुद्ध केलेली, छापलेली स्वरलिपी आणि नित्याच्या कार्यक्रमांत पुनःपुन्हा होणारे वादन, एवढे मिळाल्यानंतर एखादी सिंफनी रसिकांनी खुशाल बाजूस सारावी. तो निर्णय मी शिरोधार्य मानीन.

मुंबईपुरते बोलायचे तर कार्ल्सबाड येथे जन्मलेला वाल्टर काउफमान हा ज्यू संगीतकार नात्सींच्या उदयानंतर 1934 मध्ये या शहरात आला आणि 1946 पर्यंत येथे राहिला. आकाशवाणीची ओळखधून त्याच्या नावावर आहे. ती महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी रोज सकाळी ऐकली. वाद्यवृंदासाठी त्याने केलेल्या रचना मात्र फार थोड्यांच्या कानी पडल्या. 2006 पासून मुंबईस स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद आहे. त्याच्या चालकांनी काउफमानच्या या रचनांना आपल्या नित्य कार्यक्रमांत कायमचे स्थान द्यावे, आणि रसिकांनी तसा आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे.