निलगिरीची लागवड आणि जमिनीचा जमाखर्च

नागपूर–अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) आणि आष्टी तालुक्यातील सभोवारचा मुलूख हा प्रामुख्याने कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रा यांचा. परंतु वर्धा जिल्ह्यात काळ्या, कसदार जमिनींच्या जोडीला उथळ व मुरमाड अशा बरड जमिनीही आहेत. जेथे पेरणीचा खर्च निघण्याची शाश्वती नसते, तेथे निलगिरी लावावी असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या झाडाला मजूर कमी लागतात, गुरे त्याचा पाला खात नाहीत आणि तोडीनंतर बुंध्यापासून पुन्हा फुटवे येतात. या गुणांमुळे निलगिरीला काहीच घालावे लागत नाही, असा समज रूढ झाला आहे. हा समज जमिनीच्या दृष्टीने घातक होय.

निलगिरीविषयीचा वाद आजवर मुख्यतः पाण्याभोवती फिरत राहिला. कर्नाटक शासनाने २०१७ साली तिच्या लागवडीवर निर्बंध घातले, तेही भूजलाच्या काळजीपोटीच. पाण्याचा प्रश्न खराच आहे. पण त्याच्या आड अन्नद्रव्यांचा प्रश्न झाकला गेला. पाऊस दर वर्षी नव्याने येतो. जमिनीतून गेलेले स्फुरद मात्र कोणत्याही पावसाबरोबर परत येत नाही.

काळ्या पाषाणापासून बनलेल्या विदर्भातील जमिनींत चुना व पालाश यांचा साठा सामान्यतः बरा असतो. उणीव असते ती नत्राची, सेंद्रिय द्रव्याची आणि बहुधा स्फुरद व जस्ताची. बरड जमिनीत तर मातीचा थरच पातळ असल्याने सारा साठाच थोडा. निलगिरी हे शेंगावर्गीय झाड नव्हे. सुबाभूळ किंवा तूर यांप्रमाणे हवेतील नत्र मुळांवाटे जमिनीत आणण्याची शक्ती तिच्यात नाही. जे घ्यावयाचे ते तिला मातीतूनच घ्यावे लागते.

हे घेतलेले अन्न झाडात कोठे साठते, हे ध्यानात घेतले पाहिजे. खोडाच्या शंभर किलो लाकडात नत्र साधारण शंभर ते दोनशे ग्रॅमच असते. तेवढ्याच वाळलेल्या पाल्यात ते अर्धा ते एक किलो भरते. सालीत चुन्याचे प्रमाण लाकडापेक्षा कितीतरी अधिक असते. एक टन शेणखतातून साधारण पाच किलो नत्र मिळते. तेव्हा एक टन वाळला पाला शेताबाहेर गेला, तर निदान एक टन शेणखताइतके नत्र गेले असे समजावे. कारखान्याला हवे असते ते लाकूड, म्हणजे झाडाचा सर्वांत निकस भाग; आणि शेताला हवे असते ते पाला, डहाळ्या व साल. असे असता ज्या शेतातून पाला सरपणासाठी झाडून नेला जातो, तोडीनंतर उरलेला काडीकचरा पेटवून दिला जातो आणि सालीसकट लाकूड गाडीत भरले जाते, त्या शेताचा कस टिकावा कसा? पाला जाळल्याने राखेत पालाश व चुना उरतो; नत्र मात्र धुरावाटे निघून जाते.

तोडीची घाई हे नुकसान आणखी वाढविते. कोवळ्या झाडात पाला, साल आणि ताजे लाकूड यांचे प्रमाण अधिक असते, म्हणून तोड जितकी लवकर, तितकी दर टन लाकडामागे अन्नद्रव्यांची उचल जास्त.

बाहेरच्या देशांतील अनुभवही हेच सांगतो. आफ्रिकेतील काँगो देशाच्या रेताड जमिनीत जेथे तोडीनंतरचा सर्व पालापाचोळा काढून नेला, तेथे पुढील पिकाची वाढ लक्षणीय घटली. उलट ब्राझीलमध्ये पाला व साल जागेवर ठेवून आणि खते देऊन एकाच जमिनीतून अनेक तोडींपर्यंत उत्पादन टिकविण्यात आले आहे. दोष केवळ झाडाचा नसून व्यवहाराचा आहे, हेच यावरून दिसते. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात १९८३ साली श्री. विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि वनशेतीला मोठी चालना मिळाली. परंतु पुष्कळ शेतकऱ्यांना अपेक्षेइतके उत्पन्न लाभले नाही. झाडे लावणे सोपे, त्यांना पोसणे अवघड, हा त्यातील धडा होय.

खताचा खर्च लाकडाच्या भावात परवडेल काय, अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे. परंतु पाला जागेवर राहू देण्यास मोल पडत नाही. साल शेतातच सोलण्यास मजुरी लागते, पण वाहतुकीचा भार तेवढाच हलका होतो. उरलेला खर्चही ज्याला परवडत नाही, त्याला निलगिरीच परवडत नाही असे समजावे; कारण तो नफा म्हणून जे घेतो, ते जमिनीचे भांडवलच असते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी साठा संपविणारी व प्रवाहावर जगणारी अशा दोन अर्थव्यवस्थांतील भेद दाखविला होता. निलगिरीच्या शेताला तो तंतोतंत लागू पडतो.

म्हणून लागवडीपूर्वी माती तपासून घ्यावी. खोल, चोपण अथवा पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत आणि संत्र्याच्या बागेलगत निलगिरी लावू नये. शेजाऱ्याच्या धुऱ्यापासूनही ती दूर ठेवावी. ओळींत पुरेसे अंतर ठेवून पहिली दोन वर्षे तूर, मूग, उडीद किंवा बोरू घ्यावा आणि त्यांचा पाला तेथेच कुजू द्यावा. माती तपासणीनुसार नत्र व स्फुरद लागवडीच्या वेळी आणि प्रत्येक तोडीनंतर द्यावे. शेताबाहेर जावे ते केवळ सोललेले लाकूड.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही किती रोपे लागली एवढ्यावरच कार्याचे मोजमाप करू नये. दुसऱ्या व तिसऱ्या तोडीस लाकूड किती भरले आणि जमिनीतील सेंद्रिय द्रव्य वाढले की घटले, याची नोंद ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे. पहिल्या तोडीचे उत्पन्न पूर्वजांनी राखलेल्या मातीचे असते. शेतकऱ्याची खरी कमाई तिसऱ्या तोडीला कळते.