कुटुंब म्हणजे कोण?

परवां सायंकाळीं आमचे एक शेजारी कागदांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांचा अभियंता मुलगा कॅनडांत कायम वास्तव्यासाठीं अर्ज करीत आहे. "मास्तर, यांत आम्हां उभयतांचीं नांवें कोठेंच नाहींत. आम्ही त्याचे कुटुंबीय नव्हे काय?" विचारतांना त्यांचा आवाज किंचित् कांपला.

आम्ही नियम वाचून पाहिले. २०१५ सालापासून तेथील सरकार 'एक्सप्रेस एंट्री' पद्धतीनें वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांस गुण देऊन कुशल माणसें निवडतें. निमंत्रण आल्यापासून ६० दिवसांत अर्ज पुरा करावा लागतो. त्यांतील कुटुंब म्हणजे पति वा पत्नी आणि सामान्यतः २२ वर्षांखालील अविवाहित मुलें. आईबापांसाठीं 'सुपर व्हिसा' हा निराळा परवाना आहे. त्यावर एका खेपेस ५ वर्षांपर्यंत राहतां येतें. पण तें पाहुणेपणच.

तथापि आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलें. थोरला नातू दहावीसाठीं आजोबांपाशीं राहणार, म्हणून त्याचें नांव गाळलें होतें! मागें राहणाऱ्या मुलाचेंहि नांव लिहावें लागतें, त्याची वैद्यकीय तपासणीहि करावी लागते. न केल्यास पुढें त्याला कुटुंबीय म्हणून बोलावण्याची वाट बहुधा बंद होते.

शेजारी क्षणभर स्तब्ध झाले. नातू जवळ राहील, हाच त्यांस एक आधार होता. मग म्हणाले, "आजच कळवितों मुलाला."

वाचकहो, कायद्याच्या यादींत या आजोबांचें नांव नाहीं. पण ती यादी पुरी झाली ती त्यांच्यामुळेंच.