'आधी घरचे बघा' म्हणणाऱ्यांस

गाझातील संहाराच्या निषेधार्थ आझाद मैदानावर सभा घेण्यास मुंबई पोलिसांनी परवानगी नाकारली, म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळलीच, वर हजारो मैलांवरचे प्रश्न घेण्यापेक्षा आपल्या देशातील कचरा, प्रदूषण, पूर यांकडे पाहा, देशभक्त व्हा, असा उपदेशही केला. (पुढे ऑगस्टमध्ये सभा त्याच मैदानावर झाली, ही गोष्ट वेगळी.)

हाच उपदेश अंबाजोगाईत आमच्या सायंकाळच्या बैठकीत मला नेहमी ऐकावा लागतो. 'सर, गाझा राहू द्या. आधी ऊसतोड्यांचे बोला.' आक्षेप धुडकावण्याजोगा नाही. ज्या जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची शासनाला 2019 साली चौकशी करावी लागली, त्या जिल्ह्याने जगाच्या दुःखावर बोलावे हे अनेकांना विपरीत वाटते. परंतु माझा अनुभव असा की, परदेशातील अत्याचारांविरुद्ध बोलणारे कार्यकर्ते आणि ऊसतोड्यांसाठी तहसीलवर बसणारे कार्यकर्ते बहुधा तेच असतात. 'आधी घरचे' म्हणणारे गृहस्थ दोन्हीकडे दिसत नाहीत.

आणि बीडकराला तरी हा आक्षेप शोभत नाही. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. भारताच्या दृष्टीने तो सरहद्दीपलीकडचा मुलूख होता. रझाकारांच्या जुलमाने परागंदा झालेल्यांना पलीकडच्या गावांनी आसरा दिला. स्टेट काँग्रेसच्या लढ्याची केंद्रे त्याच गावांच्या आधाराने उभी राहिली. त्या लोकांनी आधी आपल्या घरचे पाहायचे ठरवले असते तर?

ही कथा आपण दरवर्षी 17 सप्टेंबरला सांगतो. तिचा उत्तरार्ध मात्र गाळतो. पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतर संस्थानात मुसलमानांची कत्तल झाली. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने एकंदर मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान 5 हजार. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्धच झाला नाही. गावोगावी पाहणारी माणसे होती, पण ती बोलली नाहीत. जवळच्या माणसाला भय असते, नातीगोती असतात, कधी शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळाही असतो. अशा वेळी मोकळेपणाने बोलू शकतो तो दूरचाच माणूस. म्हणूनच त्याचे बोलणे मला उचापत वाटत नाही.

आणीबाणीत आपण समाजवाद्यांनी हे अनुभवले आहे. इथली वृत्तपत्रे सेन्सॉरच्या कात्रीखाली असताना, 15 ऑगस्ट 1975 रोजी जयप्रकाशांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या मंडळींनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहिरात दिली. जून 1976 मध्ये जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले, तेव्हा विली ब्रांट, ब्रूनो क्रायस्की, ओलॉफ पाल्मे यांनी त्यांच्या जिवाविषयी दिल्लीकडे विचारणा केली.

ती थोर माणसे. बीडच्या शिक्षकाने, शेतकऱ्याने काय करावे? अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे माझी नजर आधी मालाकडे जाते. 1946 साली वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तेव्हा आपल्या निर्यातीचा सुमारे 5 टक्के भाग तिकडे जात होता. सरसकट बहिष्काराने तिथला गरीबही भरडला जातो, हे मला मान्य आहे. म्हणून नेमका माल धरावा. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या बंदर कामगारांच्या महासंघाने तसेच केले. इस्रायलकडे जाणारी शस्त्रसामग्री आम्ही हाताळणार नाही, असे त्याने जाहीर केले.

बीडला बंदर नाही, मत आहे. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी अशी याचिका सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्रधोरण हा सरकारचा प्रांत, असे कारण दिले. ठीक आहे, मग सरकारला आपण विचारू. वंशसंहाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 1959 साली मान्यता दिली, पण त्यासाठीचा कायदा देशात अजून झालेला नाही. निर्वासितांसाठीही कायदा नाही. त्यामुळे म्यानमारमधून जीव घेऊन आलेला रोहिंग्या इथे नुसता घुसखोर ठरतो. हे दोन्ही प्रश्न खासदाराला पत्राने विचारता येतात. शिक्षक संघटनेला, ग्रामसभेला त्यावर ठराव करता येतात. उत्तर न आल्यास पुढच्या महिन्यात पुन्हा विचारता येतात; खरा कस इथेच लागतो, कारण आपला उत्साह पहिल्या पत्रातच संपतो.

नोव्हेंबर 1971 पासून पाकिटावर निर्वासितांच्या मदतीसाठी 5 पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. मी शाळकरी होतो. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, अर्धा जिल्हा खडी फोडायला गेला, तरी ते तिकीट चालूच होते. आमच्या घरी त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही.

येत्या रविवारी मी बैठकीत या दोन पत्रांचे मसुदे नेणार आहे. ऊसतोड्यांविषयीचे तिसरेही बरोबर असेल. सही आधी कोणत्यावर करायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.