खुराड्यातले जास्तीचे कोंबडे
खुडूक कोंबडीखालून निघालेल्या गावरान पिल्लांत साधारण निम्मे नर असतातच. ते ओळखायला आरवण्याची वाट पाहू नये. 6 ते 8 आठवड्यांत ज्याचा तुरा इतरांआधी लाल होतो, त्याच्यावर नजर ठेवावी. खात्री पटते ती 3 महिन्यांच्या सुमारास, शेपटीच्या मुळाशी उतरणाऱ्या लांब, टोकदार पिसांवरून. तलंगीची तीच पिसे गोलसर टोकाची. 10 कोंबड्यांमागे एक नर पुरतो, आणि अंडी नुसती खायची असतील तर तोही लागत नाही. तरीही जत्रेपर्यंत चार-चार कोंबडे कळपात मोकळे सोडलेले मला बघवत नाहीत. माद्यांच्या पाठी उघड्या पडतात, नखांनी सोलवटतात. राखायचेच तर वेगळ्या खुराड्यात राखा. समोर कोंबड्या नसल्या की एकत्र वाढलेले नर बरेचदा निमूट नांदतात.