एबिलिटी वेगळी, कपॅसिटी वेगळी

नोकरीच्या अर्जात आपली मुले-मुली 'आय हॅव द कपॅसिटी टू ड्राइव्ह' असे लिहितात. गाडी येते, लायसन्स आहे, मग खटकते कुठे? व्याकरण ठीक आहे; शब्द नेमका बसत नाही. मराठीत आपण दोन्हीला 'क्षमता' म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

कपॅसिटी हा शब्द लॅटिनमधल्या 'घेणे, धरणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. तेव्हा आधी भांडे डोळ्यांपुढे आणावे. हंड्यात पाणी किती मावते, ती हंड्याची कपॅसिटी. कोयना धरणाची कपॅसिटी सुमारे १०५ टीएमसी. पाऊस कमी होऊन धरण निम्मेच भरले तरी ती तेवढीच. लिफ्टमध्ये '६ व्यक्ती, ४०८ किलो' अशी पाटी असते, ती माणशी ६८ किलो धरून. (आमच्यातले काही जण एकटेच दीड माणसाची जागा घेतात, ते निराळे!)

एबिलिटी म्हणजे काम करता येणे. शिवणे, पोहणे, हिशेब ठेवणे. कारखान्याची कपॅसिटी दिवसाला हजार नगांची असेल, पण नग बिनचूक काढणे ही कामगाराची एबिलिटी. म्हणून अर्जात 'एबिलिटी टू ड्राइव्ह' लिहावे, नाहीतर सरळ 'आय कॅन ड्राइव्ह'. आम्हाला दुसरेच अधिक आवडते.

कायद्यात मात्र कपॅसिटीला मोठे वजन आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे करार करणारा सज्ञान हवा, म्हणजे १८ वर्षे पूर्ण झालेला. घरातली १७ वर्षांची मुलगी कर्जाचा कागद घडाघडा वाचते, व्याज तोंडी काढते. एबिलिटी भरपूर, पण सही करण्याची कायदेशीर कपॅसिटी नाही. वडिलांना अक्षर येत नाही, तरी कपॅसिटी पुरती आहे आणि त्यांचा अंगठा त्यांना बांधतो. तेव्हा कागद आधी लेकीकडून वाचून घ्यावा, अंगठा मग.

आणखी एक अर्थ, हुद्द्याचा. 'इन माय कपॅसिटी अॅज सेक्रेटरी' म्हणजे 'सचिव या नात्याने'. इथे सचिवाच्या हुशारीचा काही संबंध नाही. मंडळासाठी मंडप, भांडी भाड्याने घेताना सही करणाऱ्याने नावाखाली हुद्दा लिहावा, मंडळाचा शिक्का मारावा. नुसते नाव राहिले, तर भाड्याचा तगादा त्याच्याच दारात येऊन बसायचा.